आंबोलीतलं तीन रात्रींचं बेडूक शिबिर: जावं का?

पाचपैकी चार तारे देते आहे. पाचवा राखून ठेवलाय, त्याचं कारण एका जीपशी जोडलेलं आहे. ते शेवटाकडे सांगते.

मी गडहिंग्लज भागात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. आमच्या पिढीनं बेडूक शिकला तो मेणाच्या ट्रेमध्ये, चारी पाय टाचण्यांनी ताणून. शिकवायला लागल्यावर सुरुवातीची काही वर्षं मीही तसाच शिकवला. हृदयाला तीन कप्पे, डोळ्याला तिसरी पापणी, आणि नाव विचारलं की ‘राना टायग्रिना’. पण पावसाळ्यात घरामागच्या शेतात रात्रभर जो कालवा चालतो, त्यातला कुठला आवाज कुणाचा, हे एकाही विद्यार्थ्याला मला कधी सांगता आलं नव्हतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या या शिबिराची माहिती मिळाली आणि त्याच दिवशी नाव घातलं. राहणं, जेवण, रात्रीच्या फेऱ्या आणि दुपारचे वर्ग धरून साडेसहा हजार रुपये. आजऱ्यामार्गे एस.टी.नं गेले. घाटमाथा जवळ आला तसं गाडीच्या काचांवर धुकं आणि पाऊस यातला फरक कळेनासा झाला. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं गाव आहे ते.

पहिल्याच संध्याकाळी शिबिराचा दर्जा कळला. फेरीला निघण्याआधी प्रत्येकाचे बूट ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून, घासून, धुऊन घेतले. उभयचरांची कातडी पोखरणारी एक बुरशी जगभर पसरली आहे, सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडली आहे, आणि ती आपल्या चिखलातून एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाऊ शकते. हाताला डासांचं मलम लावलेल्या दोघांना साबणानं हात धुऊन यायला लावलं, कारण बेडूक कातडीतून पाणी पितो, त्याबरोबर मलमही शोषेल. आणि एवढं करूनही बेडूक हातात घ्यायचा नाही. पकडायला, नमुना गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते, शिबिराला ती नाही, म्हणून कुणीही हात लावणार नाही, असं शिबिर चालवणाऱ्या दादांनी सरळ सांगितलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून आपल्या मुलखात परतलेला हा तिशीतला मुलगा. मला शेवटपर्यंत ‘मॅडम’च म्हणत राहिला.

पहिल्या रात्री सड्यावर नेलं. जांभ्याचा उघडा कातळ, त्यात ताटलीएवढे, परातीएवढे खळगे, आणि त्या खळग्यांत जेमतेम चार बोटं पाणी. पाय कोरड्या कातळावरच ठेवायचा, पाण्यात नाही, ही ताकीद. दहा मिनिटं सगळ्यांनी दिवे विझवून उभं राहायचं. मग दादांनी एकच दिवा, तोही हाताच्या बोटांआडून, एका खळग्यावर धरला. काडेपेटीपेक्षा लहान असा एक भेक, म्हणजे टोड, पाण्याच्या कडेला बसला होता. अंग मातकट, पण कुशीला हळदीसारखा पिवळा रंग आणि त्यावर काळपट, वेडेवाकडे पट्टे. झँथोफ्रिनी टायगरिना, आंबोलीचा भेक. २००९ साली तो विज्ञानात नोंदला गेला. त्याचा भाऊबंद कोयनेचा, तो १९६३ पासून ‘बुफो कोयनायेन्सिस’ म्हणून माहीत होता. दोघं एकमेकांच्या जवळचे आणि बाकी भेकांहून वेगळे निघाले, म्हणून दोघांसाठी मिळून ही नवी प्रजाती केली. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याचं प्रजनन पहिल्या पावसाच्या मोजक्या दिवसांत, अशा उथळ खळग्यांत उरकतं. मधे ऊन पडलं तर खळगा आटतो आणि अंडी-पिल्लं संपतात. मी तिथं उकिडवी बसले होते, पाठीवर पाऊस पडत होता, आणि त्या भेकाची हनुवटी खालीवर होताना मला स्पष्ट दिसत होती. तो ओरडला तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी जाती म्हणते ते स्पीशीजला आणि प्रजाती म्हणते ते जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, आमच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे. वर्तमानपत्रांत बऱ्याचदा उलट असतं आणि मुलांचा दरवर्षी त्यात गोंधळ होतो.

दुसरी रात्र झुडपांची, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाची. रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीत अंगठ्याच्या एका पेराएवढे बेडूक पानांवर बसलेले. एक तपकिरी, एक पिवळट, एक पाठीवर गडद खूण असलेला, एक अगदी बिनखुणेचा. मी मनातल्या मनात चार जाती मोजल्या. दादांनी विचारलं, “मॅडम, डोळे मिटून किती आहेत ते सांगा.” डोळे मिटले. एक आवाज जुन्या टंकलेखन यंत्रासारखा, टिक-टिक-टिक सुरू होऊन मग एका दमात ट्र्र्र. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात असं यंत्र होतं, त्यामुळे तो आवाज मी कुठेही ओळखेन. दुसरा आवाज त्याच जाळीतून, पण लय वेगळी, मधली विश्रांती वेगळी. दोनच आवाज होते. रंगांवरून मोजलेल्या चार जाती कानानं दोनवर आणल्या. पहिला राओर्केस्टेस बॉम्बेएन्सिस, दुसरा सूडोफिलॉटस आंबोली. एकाच जातीत इतके रंग असू शकतात, आणि एकाच रंगाच्या दोन जाती शेजारी-शेजारी बसू शकतात.

त्यांनी आवाज ध्वनिमुद्रित केला, वहीत वेळ लिहिली, हवेचं तापमान लिहिलं. तापमान कशाला, असं मी विचारलं. थंडीत बेडूक सावकाश ओरडतो, उकाड्यात भराभर. तापमान न लिहिता दोन रात्रींचे आवाज शेजारी ठेवले तर एकच जात दोन वाटू शकते. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच आवाज लॅपटॉपवर चित्र होऊन दिसला. आडवी वेळ, उभी वारंवारता, आणि टंकलेखन यंत्राची प्रत्येक टिक एका बारीक उभ्या रेघेसारखी. शेवटच्या ट्र्र्रमध्ये रेघा इतक्या दाटल्या की मोजायला पडदा मोठा करावा लागला. आम्ही मोजल्या, वहीत लिहिल्या. हे काम माझी बारावीची मुलं उद्या सकाळी करू शकतील. मोबाइल आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढंच लागतं.

याच झुडूपबेडकांनी माझं शिकवणंही दुरुस्त केलं. आम्ही फळ्यावर काढतो अंडी, टॅडपोल, बेडूक. या झुडूपबेडकांच्या अंड्यातून टॅडपोल निघतच नाही. पाण्यात न जाता, थेट चार पायांचा इवलासा बेडूक बाहेर येतो. तिथून अर्ध्या तासावर, रस्त्याकडेच्या पाण्याच्या टाकीवर ओथंबलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं लटकत होतं. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, अंडी त्यात राहतात, आणि पिल्लं वेळ झाली की खाली पाण्यात टपकतात. आणि तिसऱ्या सकाळी, घाटातल्या एका ओल्या कड्यावर, जिथं पाणी वाहतही नव्हतं, नुसतं पाझरत होतं, तिथं खडकाला चिकटलेले टॅडपोल दाखवले. लांब शेपूट, मागचे पाय आधीच फुटलेले, बोटभर अंतरावर मान नेली तर टुणकन उडी मारून कातळावरच पुढे सरकतात. इंडिराना प्रजातीचे हे. याच आंबोलीतून २०१४ साली पुण्याच्या अभ्यासकांनी यातली एक जात वेगळी काढली, तिचं नाव चिरावासी. कुणी अर्थ सांगायच्या आधीच माझ्या डोळ्यांसमोर जांभ्याचा चिरा आला. म्हणजे दोन दिवसांच्या अवधीत, पाच-सहा किलोमीटरच्या परिसरात, बेडकाच्या जन्माच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा पाहिल्या. बावीस वर्षं मी एकच काढत आले.

आता बरणीची गोष्ट. शिबिराच्या सूचनांत लिहिलं होतं की कॉलेजात जुने नमुने असतील तर आणा, मापं घेणं त्यांच्यावर शिकवू. प्रयोगशाळेच्या कपाटातली एक काचेची बरणी टॉवेलात गुंडाळून नेली. लेबल पिवळं पडलेलं, शाईनं लिहिलेलं, ‘राना टायग्रिना’. दादांनी हातमोजे घालून बेडूक बाहेर काढला, पाण्यात धुतला, पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवला आणि व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं साधन, माझ्या हातात दिला. तोंडाच्या टोकापासून अवस्करद्वारापर्यंत, म्हणजे धडाच्या मागच्या टोकाच्या छिद्रापर्यंत, बावन्न मिलिमीटर. मग मांडी, पोटरी, डोळ्याचा व्यास, कानाच्या पडद्याचा व्यास, बोटांमधला पडदा कुठल्या पेरापर्यंत येतो ते. पाठीकडे आल्यावर त्यांनी काही न बोलता भिंग पुढे केलं. होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, म्हणजे आपण ज्याला राना टायग्रिना म्हणत आलो तो मोठा बेडूक, त्याच्या पाठीवर कातडीच्या लांबलांब घड्या असतात, शेतातल्या सऱ्यांसारख्या. या पाठीवर एकही घडी नव्हती. बारीक पुटकुळ्या होत्या. डोळे माथ्यावर, वर बघणारे, पाण्यात अंग बुडवून नुसते डोळे बाहेर ठेवणाऱ्या बेडकाचे. युफ्लिक्टिस. विहिरीत, डबक्यात पाण्यावरून टप्पे घेत पळतो तो.

बावीस वर्षं मी ते लेबल वाचलं, मुलांना वाचायला लावलं, आणि पाठीवर एकदाही भिंग धरलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं. पण दादांना त्याहून जास्त खटकलं ते वेगळंच. त्यांनी बरणी उजेडात फिरवून फिरवून पाहिली. “गाव नाही, तारीख नाही. चुकलेलं नाव पुढे कुणीतरी दुरुस्त करेल, मॅडम. हा कुठला आणि कधीचा, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही.” फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला असल्यामुळे त्याच्यातून डीएनए मिळवणंही फार अवघड. डीएनएसाठी ऊतीचा तुकडा निव्वळ अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा लागतो, हे मला तिथं कळलं. आता बरणीवर नवं लेबल आहे, माझ्या अक्षरात: युफ्लिक्टिस, जात अनिश्चित, ठिकाण अज्ञात, दिनांक अज्ञात.

नावांचा वर्गही उत्तम झाला. मला कधी न कळलेली एक गोष्ट त्यात सुटली. काही शास्त्रीय नावांपुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल कंसात असतं, काहींपुढे कंस नसतो. छपाईची लहर असेल असं मी समजत होते. कंस म्हणजे जात तीच, पण नाव देणाऱ्यानं तिला ज्या प्रजातीत घातलं होतं तिथून ती नंतर हलवली गेली. आमचा मोठा बेडूक डॉडीननं १८०२ मध्ये ‘राना’ प्रजातीत घातला, आता तो होप्लोबॅट्रॅकसमध्ये आहे, म्हणून डॉडीन कंसात. टंकलेखन यंत्रवाला १९१९ मध्ये अ‍ॅनंडेलनं नोंदला, तोही कंसात. त्याच्या नावात बॉम्बे आहे पण तो नमुना मुंबईचा नाही, गोव्याच्या सीमेजवळच्या कॅसल रॉकचा, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. आणि राओर्केस्टेस या प्रजातीच्या नावात बंगळुरूचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव आहेत. २०१० साली ती प्रजाती त्यांच्या स्मरणार्थ केली गेली. न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची उभयचरांची ऑनलाइन नामसूची आहे. तिच्यात जुनं नाव टाकलं की त्या बेडकाचा नावांचा सगळा प्रवास दिसतो. आमच्या पाठ्यक्रमातली सात नावं मी तिथंच बसून तपासून घेतली. त्यातली चार बदललेली निघाली.

या शिबिराचं खरं शिकवणं मला दिसलं ते मात्र भाताच्या खाचरात. दुसऱ्या रात्री परतताना बांधावर छोटे तपकिरी बेडूक, जिकडे दिवा टाकावा तिकडे. पुण्याहून आलेल्या एका मुलानं पटकन नाव सांगितलं. दादांनी वहीत फक्त ‘मिनर्वारिया’ हे प्रजातीचं नाव लिहिलं आणि पुढची, जातीची जागा मोकळी सोडली. तो मुलगा हिरमुसला. मग बांधावर उभ्या उभ्या त्यांनी समजावलं. जावामधल्या एका बेडकाचं नाव, लिम्नोचॅरिस, कित्येक दशकं आशियाभरच्या अशा सगळ्या छोट्या तपकिरी शेतबेडकांना चिकटवलं गेलं. दिसायला सारखेच, पोटाच्या कडेला तीच रेघ. आवाज ऐकले, डीएनए पाहिला, आणि त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. एकट्या गोव्यातून २०१५ साली गोमांतकी आणि २०१८ साली गोंयची अशा दोन नोंदल्या गेल्या. प्रजातीचं नावही राना, मग फेजेरवारिया, मग मिनर्वारिया असं बदलत आलं. डीएनएत १६-एस नावाचा एक भाग तपासतात. त्यात तीनेक टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर पुढे शोधावं असा इशारा समजतात, पण तेवढ्यावर नवी जात जाहीर करत नाहीत. आवाज, शरीराची मापं, राहण्याची जागा, सगळ्यांनी एकाच बाजूला कौल द्यावा लागतो. त्या रात्री आवाज पावसात नीट मुद्रित झाला नव्हता. म्हणून जागा मोकळी. मी त्या वहीची मागची पानं चाळायला मागितली. पाच पावसाळ्यांच्या नोंदी, आणि प्रत्येक पानावर अशा मोकळ्या जागा. काहींत नंतर वेगळ्या शाईनं नाव भरलेलं, शेजारी तारीख. मला ती वही बघून भरून आलं. आमच्याकडे मोकळी जागा सोडणाऱ्या मुलाचा गुण कापतात, आणि तो मीच कापत आले आहे.

राहण्याचं थोडक्यात. खोल्या स्वच्छ, पण जूनमध्ये आंबोलीत काही वाळत नाही. कपड्यांचे तीन जोड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या न्या. जळवा लागतात, पायमोज्यांवर गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे बरे. जेवण करणाऱ्या काकूंच्या हातचे घावणे आणि कुळथाची पिठी मी जन्मभर विसरणार नाही. “खा गे बाय, रातीक परत फिराचा आसा मगे?” म्हणत ताटात वाढतच राहतात. माहितीपत्रक मात्र फक्त इंग्रजीत होतं. सिंधुदुर्गात, मराठी शिक्षकांसाठी ठेवलेल्या शिबिरात हे चालवून घेऊ नये. मी मराठी करून द्यायला तयार आहे, तसं कळवलं आहे.

आता तक्रारी. दहा जणांची तुकडी असेल असं कळवलं होतं, आम्ही सतरा होतो. सतरा माणसं एका फांदीभोवती जमली की मागच्या सातांना फक्त रेनकोट दिसतात. तिघं मोठे कॅमेरे घेऊन आले होते. फेसाच्या घरट्याशी त्यांचा फ्लॅश इतक्यांदा उडाला की नरांचं ओरडणं थांबलं. एकानं चांगल्या कोनासाठी फांदी खाली ओढली. दादांनी त्याला थांबवलं, पण फांदी ओढून झाल्यावर. शिबिरात ऐकायला येणारे आणि फोटोला येणारे यांच्या तुकड्या वेगळ्या करायला हव्यात.

आणि जीप. फेऱ्या पायी होतील असं लिहिलेलं होतं. तिसऱ्या रात्री पाऊस फार, म्हणून आयोजकांनी लांबच्या सड्यावर जीपनं नेलं. जाताना मी काही बोलले नाही. परतताना साडेअकरा वाजले होते, आणि दिव्यांच्या उजेडात डांबरावर जिथं तिथं उड्या दिसत होत्या. ज्यांच्यासाठी आम्ही बूट धुतले होते, श्वास धरून बसलो होतो, त्यांच्यावरूनच आमची चाकं जात होती. मी गाडी थांबवायला सांगितली. दादा आणि मी उतरलो आणि वस्तीच्या दिव्यांपर्यंत टॉर्च घेऊन गाडीपुढे चाललो. ते एकेकाला काडीनं हलकेच कडेला सारत होते. जे मेले होते त्यांची नोंद त्यांनी वहीत केली, ठिकाण, वेळ आणि पाऊस लिहून. त्यात चार मिनर्वारिया होते, जात मोकळी. आणि एक भेक, इतका चिरडलेला की पिवळा रंग आहे की नाही हे आम्हाला ठरवता आलं नाही. शनिवार-रविवारी धबधबा बघायला येणाऱ्या गाड्यांना आपण नावं ठेवतो. हे शिबिर तर बेडकांसाठीच भरवलेलं होतं.

एवढं असूनही मी जा असंच म्हणेन, विशेषतः शिक्षकांना. साडेसहा हजारांत मला जे मिळालं ते कुठल्याही उजळणी वर्गात मिळालेलं नाही. पुढच्या जूनच्या तुकडीसाठी माझ्या पाच विद्यार्थ्यांची नावं घातली आहेत. फॉर्ममध्ये ‘विशेष सूचना’ असा रकाना आहे. त्यात लिहिलं आहे: अंधार पडल्यावर जीप नको. पाऊस फार असला तर त्या रात्री पडवीत बसून ऐकू, वही आणि थर्मामीटर आम्ही आणतो.

उत्तर आलं की इथे तारे बदलते.